खाकी दुपटं

"सरकार होतं तेव्हा गेटातून धूळसुद्धा बाहेर पडू द्यायचे नाहीत. आता कंपनी घरपोच देते."

माझ्या नवऱ्यानं, धम्मदीपनं, कामावरून येऊन युनिफॉर्म बादलीत टाकला, तेव्हा सासरे असं म्हणाले होते. तेही त्याच बॅटरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या वेळी कामगार तिथंच आंघोळ करायचे, कपडे तिथल्या धुलाईघरात टाकून यायचे. कारखाना विकला गेला आणि नव्या मालकानं पहिली काटछाट केली ती धुलाईघराची. तिथं आता काचेची इमारत आहे, आत कॉम्प्युटरवाले. मला वाटलं, बाबांचं सरकारी दिवसांचं नेहमीचं तुणतुणं. "बाबा, चहा घेता ना," म्हणत मी बादली मोरीत नेली.

नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून जुनंच वापरायचं, ही आपली रीत. माझ्या आईनं धम्मदीपचे विरलेले शर्ट उसवून आमच्या कल्याणीसाठी दुपटं शिवलं. आत खाकी, वर माझी पिवळी साडी, कडेनं लाल धावदोरा. "बापाची ऊब आहे त्यात," आई म्हणाली. दात येताना कल्याणी त्याचा कोपरा तासन्‌तास चावायची.

दीड वर्षाची झाली आणि ती फिकटली. जेवेना, पोट धरून कळवळायची. आधी "काऊ, काऊ" करायची, तेही थांबलं. विश्रांतवाडीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. उतार पडेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलो.

"वडील काय करतात?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बॅटरीच्या कारखान्यात आहेत. शिसं ओतायच्या खात्यात."

"कामावरचे कपडे कुठं धुता?"

"घरीच."

त्यांनी लगेच रक्ताची तपासणी लिहून दिली.

कल्याणीच्या रक्तात शिसं निघालं. ते पोरांच्या मेंदूवर जातं, म्हणाल्या. गेलेले शब्द परत येतील का, यावर "बघू" एवढंच.

धम्मदीपनं कंपनीत धुलाईघर मागितलं. साहेब म्हणाला, "का रे, घरी बायको नाही का?"

"अहो, मग?" मी विचारलं.

"मग काय. सगळे हसले."

आता तो कारखान्याबाहेरच्या टपरीमागे कपडे बदलून येतो. मी तिन्हीत्रिकाळ ओल्या फडक्यानं फरशी पुसते. एक दिवस बाबा कोपऱ्यात बसून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, ते दुपटं कुठंय?"



दुपटं मी देऊन टाकलं होतं. वरच्या मजल्यावरच्या अपेक्षाला. अकोल्याकडची, पहिलंच बाळंतपण, जवळ कुणी नाही. मीच म्हणाले, "घे गं, गुणी बाळाचं आहे." बाळ महिन्याचं झालं आणि त्यांनी खोली सोडली. कात्रजला जातो म्हणाले, नेमकं कुठं ते मी विचारलं नाही. घरमालकालाही ठाऊक नाही. तिथल्या दूध डेअरीमागच्या चाळी मी कल्याणीला कडेवर घेऊन पालथ्या घातल्या. तिच्या नवऱ्याचं नाव रंगनाथ, आयटीवाल्यांची गाडी चालवतो. असे ड्रायव्हर तिकडं गल्लोगल्ली.

तुम्ही कात्रजच्या बाजूला राहत असाल, तर शेजारपाजारी एकदा डोकावा. वऱ्हाडी बोलणारी, गालावर तीळ असलेली पोरगी आहे. मुलगा आता रांगत असेल. दुपटं काढून घ्या, तिला रागावू नका, आणि मुलाचं रक्त तपासायला लावा. तो काही बोलतो का, तेवढं मला कळवा.