माझ्या तोंडातला बोळा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी स्वभावाने घाबरट आहे. जिचे कामच संकटात ओरडायचे, तिने निवांत बसून कसे चालेल? सगळे हसत-खेळत असतात तेव्हाही माझ्या पोटातली गोळी थरथरत असते. गोळी म्हणजे बुचाचा एवढासा वाटोळा तुकडा. तो आत नाचला की मी वाजते. तो अडला की मी मुकी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन मला घडवले आणि घासून लखलखीत केले. मग आम्हा बहिणींना तपासणीच्या बाईंसमोर मांडले. त्या प्रत्येकीला फुंकून बघत. मला फुंकताच त्यांनी कानावर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही फारच कर्कश आहे गं." शेजारीण म्हणाली, "मग? अंगाई म्हणायला चाललीय का ती?" अशी मी पास झाले.

पुढची कितीतरी वर्षे मी एका शाळेतल्या खेळाच्या सरांच्या गळ्यात मिरवले. माझ्या एका हाकेसरशी धावती पोरे जागच्या जागी उभी राहत. सर मला रोज कोमट पाण्याने धूत, पुसत आणि कानाशी धरून हलवून बघत. गोळी खुळखुळली की त्यांचे समाधान होई. मग सर निवृत्त झाले आणि मी खुंटीवर आले. कुणी चुकून हात लावला तरी घरातून दटावणी येई, "वाजवू नका, बाळ झोपलंय." मी धूळ खात बसले.

ते बाळ म्हणजे सरांची नात. ती बोलायला लागली ती थांबेचना, म्हणून तिच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या सरांनीच, तिचे नाव टिटवी ठेवले. टिटवी दुसरीत गेली त्या वर्षी घरच्यांनी एका दरीत तंबू ठोकून राहायचा बेत केला. आजोबा, टिटवीचे आईवडील आणि तिची मावशी अशी सगळी मंडळी निघाली. आजोबांनी मला नव्या नाडीत ओवून टिटवीच्या गळ्यात घातले.

"नीट ऐक," ते म्हणाले. "हरवलीस तर आहेस तिथेच बसायचं. तीन वेळा फुंकायचं, थांबायचं, पुन्हा तीन वेळा. आम्ही तुझ्याकडे येऊ, तू आमच्याकडे यायचं नाहीस. आणि तिथे पोहोचल्यावर गंमत म्हणून एकदाही वाजवायची नाही. काय हौस असेल ती गाडीत फेडून घे."

टिटवीने हौस फेडली. घाटाच्या प्रत्येक वळणावर फेडली. मावशीला अर्धशिशीचा जुना त्रास. तिचे डोके ठणकायला लागले. "अगं, पुरे की! कान किटले माझे," ती काकुळतीला येऊन म्हणाली. पण ऐकेल ती टिटवी कसली! शेवटी फुंकून फुंकून दमली आणि मावशीच्याच मांडीवर झोपली. तेव्हा मावशीने पर्समधून कापूस काढला, त्याचा बोळा केला आणि माझ्या वरच्या फटीतून आत कोंबला. "उतरलो की काढते," ती पुटपुटली.

वाईट नाही हो ती बाई. टिटवीवर तिचा भारी जीव. पण टिटवी उठली ती गाडी थांबल्यावरच आणि उतरल्यावर नुसता गोंधळ. तंबूच्या दांड्या एकीकडे, खुंट्या दुसरीकडे, कापड वाऱ्यावर. मावशीने चार कोपरे धरले, दोर ओढले, चहाचे आधण ठेवले. बोळा राहिला तो राहिलाच. आणि टिटवी शहाण्या मुलीसारखी मला हातही लावेना.

दरी सुंदर होती, नाही कशाला म्हणू? तळाशी ओढा खळाळत होता, दोन्ही उतारांवर गुडघाभर गवत होते आणि आमचा पिवळा तंबू त्यात छान दिसत होता. वडील आणि टिटवी पाण्यात पाय सोडून बसले. आजोबा घडीच्या खुर्चीवर पाय पसरून म्हणत होते, "काय हवा आहे!" माझ्या मात्र घशात घास अडकला होता, अगदी खराखुरा. हिने आता मला फुंकले तर काय, या एकाच विचाराने मला घेरले होते.

दुपार कलल्यावर टिटवी शेकोटीसाठी काटक्या वेचायला उतारावर निघाली. वडील म्हणाले, "तंबू दिसतोय तिथपर्यंतच हं!" तिने मुळीच आज्ञा मोडली नाही. तंबूच दिसेनासा झाला. ओढ्याकडून धुके वर चढले आणि बघता बघता गवत, झाडे, तंबू सगळे पुसून टाकले. टिटवी तंबू शोधत थोडी इकडे गेली, थोडी तिकडे गेली. मग तिला आजोबांचे बोलणे आठवले. ती मटकन खाली बसली आणि तिने मला ओठांत धरले.

फुस्स.

पुन्हा. फुस्स. तिसऱ्यांदा तेच. मी जिवाच्या आकांताने गोळी हलवायला बघत होते, पण ती कापसात रुतून बसली होती. टिटवी थांबली, सांगितल्याप्रमाणे वाट पाहिली, पुन्हा फुंकले. मित्रांनो, इतक्या विश्वासाने मला आजवर कुणी फुंकले नव्हते. मग तिने हाका मारल्या. त्या ओढ्याच्या आवाजात विरून गेल्या आणि तिचा घसा बसला.

तिकडे तंबूपाशी काय चालले होते ते मला पुढे घरी ऐकून ऐकून पाठ झाले. टिटवीची आई अस्वस्थ झाली होती. "धुकं वाढलंय, बघून येऊ का?" तिने विचारले. आजोबा निर्धास्त. "अगं, शिट्टी आहे ना तिच्या गळ्यात? वाजली का? नाही ना? म्हणजे आहे इथेच जवळ." माझ्या गप्प राहण्याचा त्यांना आधार वाटत होता!

मावशीच्या हातातला कप खाली पडला.

"अण्णा," ती आपल्या वडिलांना म्हणाली, "ती वाजणार नाही. मी कापूस घातलाय तिच्यात."

मग सगळेच धावले. मावशी सर्वांच्या पुढे, मिळेल त्या वाटेने वर. "टिटवे! अगं टिटवे!" तिची हाक पलीकडच्या उतारावर आपटून फिरली आणि आम्हाला नेमकी उलट्या बाजूने, समोरून ऐकू आली. टिटवी उठली. एक पाऊल पुढे टाकले, मग दुसरे. तिच्या पायाखालून एक दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. तिथेच थांब गं बाई, हलू नकोस! पण सांगणार कशी? माझ्या तोंडात बोळा.

टिटवी थबकली. "आजोबा म्हणाले, हलायचं नाही," ती रडत रडत स्वतःलाच म्हणाली, मागे सरकली आणि बसली. मग आजोबा करत तसे तिने मला कानाशी धरून हलवले. खुळखुळ नाही. तिने फटीत डोळा लावला. पांढरे काहीतरी दिसले. तिने केसांतला चाप काढला आणि चिमटीने तो बोळा ओढून, उकरून, तंतू न् तंतू बाहेर काढला. मग फुंकले.

मी वाजले! आधी घोगरी, मग चिरकी, मग कारखान्यातल्या बाईंनी कानावर हात ठेवला होता तशी. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा.

सर्वांत आधी मावशी आली. गुडघे फुटलेले, पायात एकच चप्पल. तिने टिटवीला छातीशी घट्ट धरले. थोड्या वेळाने धुके विरळ झाले, तेव्हा समोरचा कडा दिसला. टिटवी निघाली होती ती त्याच बाजूला.

"मावशी, शिट्टीत कापूस होता," टिटवी म्हणाली.

"मीच घातला होता गं, राणी. डोकं दुखत होतं माझं."

परतीच्या वाटेवर टिटवी घाटात गप्प बसून होती. अख्ख्या गाडीला ती शांतता खायला उठली. मावशी कपाळ दाबत होती. शेवटी तीच म्हणाली, "वाजव की गं."

"तुझं डोकं दुखेल ना."

"दुखू दे."

आता टिटवी शिकायला दूर गेली आहे, आजोबाही राहिले नाहीत आणि मी पुन्हा खुंटीवर आहे. पण मावशी घरी आली की चपला काढून आधी माझ्याकडे येते. मला हलवते, फटीत डोकावते आणि जोरात फुंकते. शेजारी खिडक्या लावून घेतात. ती कपाळ दाबत खुर्चीत बसते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी शिट्टी असेल. बाहेर निघण्याआधी तिला एकदा वाजवून बघा. आणि जिचे काम हाक मारायचे आहे, तिच्या तोंडात घटकाभरासाठीसुद्धा बोळा घालू नका. डोके दुखले तर दुखू द्या.