कडेचं प्यादं

शेवटची फेरी संपली की स्वानंदीनं ठरवायचं होतं: सुट्टीचे उरलेले दिवस वडिलांकडे बेंगळुरूच्या राजाजीनगरला राहायचं, की संध्याकाळच्या विमानानं आईबरोबर पुण्याला परतायचं.

"मी तिला फोर्स करणार नाही," तिची आई स्मिता प्राणेशला फोनवर म्हणाली होती. "तूही करू नकोस. बॅग दोन्ही हिशेबानं भरलीय."

स्मिता मूळची पुण्याची. नोकरीसाठी बेंगळुरूला आली, प्राणेशशी लग्न केलं, आणि स्वानंदी सहा वर्षांची असताना तिला घेऊन परत गेली. भांडण मोठं नव्हतं, लांबलं एवढंच. प्राणेशचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. पुण्याला जाऊन राहायचं हे त्याला कधी सुचलंच नाही, आणि ती बोलावत होती तेव्हा ते बोलावणं आहे हेही कळलं नाही. आता स्वानंदी अकरा वर्षांची होती. पूर्वी त्याला अप्पा म्हणायची, आता बाबा म्हणते. हा बदल कधी झाला ते त्याला माहीत नव्हतं, कारण तो फोनवर नाही, पुण्याच्या घरात झाला होता.

जे. पी. नगरमधल्या एका शाळेच्या सभागृहात मुलांची बुद्धिबळ स्पर्धा होती. अशा स्पर्धांत पालकांना आत मनाई असते. फेरी सुरू झाली की दार बंद होतं आणि आईबाप बाहेर मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ताटकळतात. प्राणेश बुद्धिबळाचे क्लास घेई आणि त्याच्याकडे पंचाचा परवानाही होता. स्वानंदीचं नाव यादीत दिसताच त्यानं पंच म्हणून स्वतःचं नाव दिलं. पंच झालं की आत उभं राहता येतं.

मुलगी खेळणार आहे हे त्यानं मुख्य पंच मल्लाप्पांना आधीच सांगितलं. लपवणं त्याला जमलं नसतं. दोघं कन्नडमध्ये बोलत.

"मग तुला खिडकीकडची रांग," मल्लाप्पा म्हणाले. "तिच्या टेबलाकडे बघायचंसुद्धा नाही."

"नाही बघणार."

"बघशील रे. बाप आहेस. फक्त तोंड उघडू नकोस, म्हणजे झालं."

खिडकीकडून तिचं टेबल तिरकं दिसे. समोरच्या खेळाडूचं कोपर मध्ये येई आणि पटाचा मधला भाग झाकला जाई. पूर्ण दिसे ती एकच कड, स्वानंदीच्या डाव्या हाताची, जिथे काळ्या सोंगट्या घेतल्या की तिच्या राजाकडचा हत्ती उभा असतो. प्राणेश आपल्या रांगेत हात मागे बांधून फेऱ्या घाली, आणि वळताना त्या कडेवर नजर टाकी. तिनं केस कापून घेतले होते. विचार करताना ती खालचा ओठ चिमटीत धरी. ही सवय नवी होती.

शेवटच्या फेरीत ती काळ्या सोंगट्यांनी खेळत होती. समोर होसकोट्याचा शार्दूल नावाचा मुलगा, तिच्याच वयाचा. त्यानं राजापुढचं प्यादं सरकवलं, तिनं उत्तर दिलं. त्यानं दुसरी चाल केली. मग तिचा हात डाव्या कडेला गेला आणि हत्तीपुढचं प्यादं तिनं सरळ दोन घरं पुढे ठेवलं.

प्राणेश जागच्या जागी थांबला.

दुसऱ्याच चालीला काळ्यानं कडेचं प्यादं ढकलू नये, हे तो स्वतः क्लासमध्ये शिकवे. काळा आधीच एका चालीनं मागे असतो. त्यानं मधली घरं धरावीत, घोडे-उंट बाहेर काढावेत, राजाला कोपऱ्यात नेऊन सुरक्षित करावं. कडेचं प्यादं पुढे टाकणं म्हणजे एक चाल वाया, आणि ज्या भिंतीआड राजाला लपायचं तिचीच वीट आपण काढणं. पण त्याच्या घरात एक माणूस ही वीट रोज काढत असे. त्याचे वडील श्रीहर्ष जुन्या देशी रीतीनं खेळत. त्या रीतीत राजाला किल्लेकोट नाही. त्याऐवजी डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. भिंतच लागत नाही, तर वीट काढायला भीती कसली? नातीला मांडीवर घेऊन ते काळ्या बाजूला बसत आणि सांगत, "हत्ती बिचारा कोंडलाय बघ. त्याला आधी वारा लागू दे." ती दोन्ही हातांनी प्यादं ढकले. प्राणेश ओरडे, "अण्णा, तिची सवय बिघडवू नका." मग आजोबा-नात एकमेकांकडे बघून हसत. ती पुण्याला गेली त्याच वर्षी श्रीहर्ष वारले.

या स्पर्धेत काळ्यानं खेळलेल्या आधीच्या प्रत्येक डावात स्वानंदीनं पुस्तकी सुरुवात केली होती. कड जागची हलली नव्हती. आणि आज, घरी यायचं की नाही ते ठरवायच्या दिवशी, वडील खिडकीपाशी उभे असताना, दुसऱ्या चालीला ते प्यादं. बुद्धिबळाच्या माणसांना एक खोड असते: समोरच्यानं कान खाजवला तरी त्यांना त्यात योजना दिसते. प्राणेशला वाटलं, ती बोलली.

शेजारच्या पंचाला रांग सांभाळायला सांगून तो व्हरांड्यात गेला आणि त्यानं थोरल्या बहिणीला, अहल्याअक्काला, फोन लावला.

"अक्का, येतेय ती."

"म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? खेळली. अण्णांची चाल."

"म्हणजे तोंडानं काही म्हणाली नाही."

"अक्का, स्वल्प, थोडासा तरी विश्वास ठेव ना."

"ठेवते बाई. गादी उन्हात टाकते. तिखट खाते का ती आता?"

प्राणेशला ते माहीत नव्हतं. "खात असेल," तो म्हणाला.

"असेल, नसेल. बाप म्हणवतोस! सरी, बरं, तिखट-फिकं दोन्ही करते."

तो आत आला तेव्हा डाव मध्यावर आला होता. स्वानंदीचं प्यादं आणखी एक घर पुढे गेलं होतं. तो आता वळतानाच नव्हे, चालतानाही तिकडे बघत होता. म्हणूनच त्याला ते दिसलं. शार्दूलनं आपला घोडा उचलला, हवेत धरला, काहीतरी लक्षात येऊन झटक्यात परत ठेवला आणि उंट सरकवला.

ज्या सोंगटीला हात लावला तीच हलवायची, हा नियम पहिल्या दिवशी शिकणाऱ्या मुलालाही ठाऊक असतो. स्वानंदीनं हात वर केला. सगळ्यात जवळचा मोकळा पंच प्राणेश होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो हलला नाही. त्यानं मल्लाप्पांना खूण केली.

मल्लाप्पा आले. स्वानंदी म्हणाली, यानं घोडा उचलला होता. शार्दूल म्हणाला, नाही, हात फक्त वरून गेला. शेजारच्या टेबलांवरची मुलं आपापल्या पटात होती. कुणी पाहिलं नव्हतं. मल्लाप्पांनी मान वर केली आणि खिडकीकडे बघून इंग्रजीत विचारलं, म्हणजे मुलांनाही कळावं, "तुम्ही पाहिलंत का?"

प्राणेशनं मांडणी व्हरांड्यातून आत येतानाच पाहून घेतली होती. घोडा हलवावा लागला असता तर त्यामागचा वजीर उघडा पडत होता. डाव तिचा होता.

"ते माझं टेबल नाही, सर," तो म्हणाला.

मल्लाप्पांनी मान डोलावली. पुरावा नाही, खेळ चालू. स्वानंदीनं कागदावर उंटाची चाल लिहून घेतली. त्यानंतर तिनं खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. ती बराच वेळ झुंजली आणि हरली. शार्दूलशी हात मिळवला, सोंगट्या जागेवर लावल्या आणि दार उघडून बाहेर गेली.

बाहेर शार्दूलचे वडील त्याला खांद्यावर उचलून घेऊ पाहत होते आणि तो लाजून सुटका करून घेत होता. प्राणेश गळ्यातलं पंचाचं ओळखपत्र काढत मांडवात आला. स्मिता फोनवर कॅब शोधत होती. स्वानंदी बॅगेवर बसली होती.

"तू पाहिलंस ना?" तिनं विचारलं. "त्यानं घोडा उचलला होता."

"हो."

"पूर्ण उचलला होता."

"हो. पूर्ण."

"मग बोलला का नाहीस?"

"मी तुझा बाप आहे म्हणून. माझं बोलणं धरलं नसतं."

"धरलं नसतं तरी बोलायचं."

"स्वानू, रूल आहे तो," स्मिता म्हणाली. "बाबांची पोझिशन ऑकवर्ड होती. लॉजिकली करेक्ट केलं त्यांनी."

स्मितानं आपली बाजू घ्यावी आणि त्यानंही काही सुधारू नये, हे प्राणेशला त्या घडीला फार लागलं.

"मला रूल माहितीये, आई." स्वानंदी बॅगेच्या चेनशी खेळत राहिली.

त्यानं विचारलं, "दुसऱ्या चालीला कडेचं प्यादं का टाकलंस?"

तिचा चेहरा जरा उजळला. हे डावाबद्दल होतं. "क्लासच्या विराट सरांनी दिलंय. आपण कधी ट्राय केलं नव्हतं, लास्ट राउंडला ट्राय कर म्हणाले. कॉम्प्युटर इंजिनला आवडतं ते. आमच्या बॅचमध्ये सगळेच खेळतात आता. वाईट होतं?"

"नाही," प्राणेश म्हणाला. "चांगलं होतं. तुझे अज्जा तेच खेळायचे."

"खरंच?" तिनं आठवून पाहिलं. खरोखर प्रयत्न केला, हे त्याला दिसलं. "मला ते अवरेकाळूच्या शेंगा सोलायचे तेवढंच आठवतं. हाताला वास यायचा त्यांच्या."

"हो. यायचा."

"तो वास पुण्यात कुठेच येत नाही," ती म्हणाली.

त्याच्या ओठांवर आलं की हे दिवस अवरेकाळूचे नाहीत, पण थंडीत ये, ढीगभर आणू, अक्का सोलायला बसवेल. पण तूही फोर्स करू नकोस, असं स्मिता म्हणाली होती.

"कॅब आली, ड्रायव्हर सिल्क बोर्डच्या चौकात जाम आहे म्हणतोय," स्मिता म्हणाली. मग आवाज उतरवून, "स्वानू, काय ठरलं? राहतेस?"

स्वानंदीनं वर बघितलं नाही. "पुण्याला."

"सरी," प्राणेश म्हणाला. अक्काला फोन करून गादी आत घ्यायला सांगायचं होतं. त्यानं बॅग उचलायला हात पुढे केला. ती आधीच उठून बॅग ओढू लागली होती. दोन पावलांवर ती थांबली.

"बाबा, पुढच्या वेळी तू पंच होऊ नकोस."

"मग आत कसा येणार?"

"आत नको येऊस. इथे बस. सगळ्यांचे बसतात तसा."

"इथून काही दिसत नाही गं, स्वानू. डाव दिसत नाही, तू दिसत नाहीस."

"तुला नाही दिसत," ती वैतागून म्हणाली, जणू तो नवशिका होता. "मी दार उघडून बाहेर येते, तेव्हा मला दिसतं ना कोण बसलंय ते."

त्यानं मान डोलावली.

बॅग मागे गेली, स्मितानं हात हलवला, दारं लागली. गाडी शाळेच्या फाटकाशी रिक्षांच्या गर्दीत अडकली. प्राणेश तिथेच उभा होता. मागच्या खिडकीची काच अर्धी खाली आली आणि आत स्वानंदीचे कापलेले केस दिसले. तिनं हाक मारली नाही, हातही केला नाही. उकडत होतं, काच त्यामुळेही खाली केली असेल. रिक्षा हलल्या, गाडी बाहेर पडली, आणि काच खालीच होती.