चंद्रीचा वाटा

"आज नको गो बाय, तिचं पोट भरलंय," म्हणत गंगुबाईने समोरच्या बाईचा नाणी धरलेला हात हळूच मागे सारला.

बाई बिचारी गोंधळली. गिरगावातल्या या देवळाच्या कोपऱ्यावर गंगुबाई चौदा वर्षं गाय घेऊन बसते. सकाळी गोठ्यातून चंद्रीला आणायचं, गवताच्या पेंड्या विकायच्या. घेणाऱ्याने पेंडी तिथेच चंद्रीला भरवायची. त्याला पुण्य मिळायचं, गंगुबाईची चूल पेटायची. गायीला भरवू नका असं तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी तर नाहीच.

कारण शेजारच्या पायरीवर वही घेऊन बसलं होतं. खोताच्या वाडीतली ऋग्वेदा, कॉलेजात जाणारी, सकाळपासून चंद्रीचं खाणं टिपत होती. "गायीच्या ढेकरांनी हवा तापते, त्याचा प्रोजेक्ट आहे मावशी," एवढंच ती म्हणाली आणि गंगुबाईने चंद्रीचं दावं जवळ ओढलं. पलीकडच्या नाक्यावरची मनूची गाय गेल्या वर्षी अशीच आधी कुणीतरी वहीत लिहून घेतली, मग पालिकेच्या गाडीतून उचलून नेली. मनू आता लोकांची भांडी घासते. आपले गुडघे त्या कामाला साथ देणार नाहीत, हे गंगुबाईला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा सकाळच्या दोन पेंड्यांवर चंद्रीने काही खायचंच नाही, म्हणजे वहीत आणखी काही चढणारच नाही.

हे चंद्रीला कोण सांगणार? ती पेंड्यांच्या ढिगाकडे मान लांबवायची आणि गंगुबाई दावं आवळायची. आवळताना तिच्या तोंडाकडे बघत नव्हती.

दुपारी एकला ऋग्वेदाने पान उलटलं.

"मावशी, दोनच पेंड्या खाते ही?"

"म्हातारी झाली गो. भूकच नाय."

"न्यूझीलंडशी ताडून बघायचंय." तिने वहीतले दोन गोल दाखवले. "हा त्यांचा देश. हवा तापवणारा जेवढा वायू तिथून वर जातो, त्यातला जवळपास अर्धा गुरामेंढरांचा. हा आपला. शंभरातले जेमतेम दहा."

गंगुबाईने दोन्ही गोल निरखले.

"मग त्यांच्या गायी मोज ना! माझीच कशाला?"

ऋग्वेदा हसली. "जनावरं आपलीच जास्त आहेत, मावशी. पण आपल्याकडे कोळसा, कारखाने, मोटारी, सगळ्यांचा धूर एवढा, की त्यात गुरांचा वाटा लहान दिसतो."

सिग्नलला मोटारी खोळंबल्या होत्या, गंगुबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे चंद्रीला कोण न्यायला येणार नाय?"

"कशाला नेतील? मी मार्कांसाठी लिहितेय. उद्या द्यायचंय."

"एवढे सगळे धूर करतात," गंगुबाई म्हणाली, "आणि मी हिला सकाळपासून उपाशी ठेवली."

तिने दावं सैल केलं. एक पेंडी सोडली, दुसरी सोडली; तिसरी सोडेपर्यंत चंद्रीने ढिगातच तोंड घातलं होतं. तिच्या मानेवर हात ठेवून गंगुबाई भर रस्त्यात रडायला लागली.

ऋग्वेदाने सकाळचं पान पाहिलं. सुबक आकडे, वेळेसकट. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पेनाला टोपण लावलं.

"ते टोपण काढ," गंगुबाई पदराने नाक पुसत म्हणाली. "खरं खाणं आता चाललंय. लिव."