अडकलेला आकडा

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी आकडा थांबला. महाडच्या वरच्या अंगाला, पोलादपूरच्या पुलाखाली सावित्रीचं पाणी किती आहे, ते महाडच्या व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेल्या एका वेबपानावर दिसायचं. तिथे पाच मीटर चाळीस होतं आणि ते हलेना.

शुभदाला तो आकडा बरा वाटला. पाणी स्थिर, म्हणजे बाजारपेठेतल्या तिच्या औषधांच्या दुकानातला इन्सुलिनचा फ्रिज जागेवरच राहू शकत होता. गेल्या पावसाळ्यात तो उगाच घाबरून माळ्यावर चढवला आणि उतरवताना कॉम्प्रेसर गेला.

तेवढ्यात रामजीचा फोन आला. त्याचं घर पोलादपूरला नदीकाठी. आईची औषधं तो शुभदाकडूनच न्यायचा.

"वैनी, पाणी थांबलंय असं कोण सांगतंय? हितं घाटाची एकबी पायरी दिसत नाय."

शुभदा जिना चढून माळ्यावर गेली. ते पान बनवणारी अनुपमा दुकानाच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर सकाळपासून तिथेच बसली होती.

"अनू, तुझा आकडा खोटा आहे."

"खोटा नाही काकू, शिळा आहे." तिने लॅपटॉप वळवला. "सर्व्हरचा प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आहे, मेमरी भरलीय. नवा आकडा येतोय, पण तो दाखवायला त्याला फुरसत नाही."

"मग बंद करून चालू कर. माझा मिक्सर तसाच चालतो."

"केला. चहा निवेपर्यंत चालला, मग परत तेच."

दुसरं कुणी असतं तर पुन्हा पुन्हा तेच करत बसलं असतं. अनुपमाने हात मांडीवर ठेवले आणि मेमरीचा आलेख नुसता पाहत राहिली. मग स्वतःच्या फोनवर ते पान उघडलं, बंद केलं. रेघ वर गेली. खाली काही आली नाही.

"माणूस येतो, जातो. त्याचं सामान मात्र इथेच पडून राहतं," ती म्हणाली. "भिंतीवरच्या रेघा, काकू."

शुभदाला कळलं. मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ती रेघ बाजारपेठेत जवळजवळ प्रत्येकाने भिंतीवर रंगवून ठेवली होती. आजचं पाणी आपल्या रेघेच्या किती खाली आहे तेही दाखव, असा हट्ट सगळ्यांनी धरला होता, शुभदानेही. ते दाखवायला सर्व्हर प्रत्येक माणसासाठी जुन्या सगळ्या नोंदी नव्याने मेमरीत घ्यायचा आणि सोडायचा नाही. आज सगळी पेठ पानावर होती, मुंबईचे नातेवाईकही होते. प्रोसेसरची सगळी ताकद रिकामी जागा शोधण्यात चालली होती.

"चूक माझी," अनुपमा म्हणाली, साखर मागावी तितक्या शांतपणे. "रेघा काढून टाकते. लोक ओरडतील."

"माळ्यावर बसून ओरडू देत. टाक काढून."

तिने तेवढाच भाग काढला, एकदा वाचून पाहिला आणि सर्व्हर चालू केला. प्रोसेसर एकोणीस टक्क्यांवर उतरला. मेमरीची रेघ आडवी झाली. पानावर नवा आकडा आला: सहा मीटर दहा.

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच पहिला निरोप पडला: आमची रेघ कुठे गेली?

अनुपमाने उत्तर टाकलं: रेघ भिंतीवर आहे. आकडा खरा आहे. सामान उचला.

शुभदा हमालांना हाक मारायला खाली उतरली.

साडेपाचला फ्रिज चौघांच्या खांद्यावर, जिन्याच्या वळणावर अडला होता. पाणी पेठेच्या तोंडाशी आलं होतं. पानावर सहा मीटर पस्तीस होतं, आणि या वेळी तो आकडा ताजा होता.