वेताच्या शेडमधला दोनशेचा बल्ब

आंघोळीनंतर आभाला शेक हवा, हे आईंचं म्हणणं मलाही मान्य होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. नात झाली म्हणून साताऱ्याहून कोलकात्याला आल्या त्या लोखंडी शेगडी घेऊनच. पण जानेवारीत खिडक्या बंद, आणि बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेगडी माळ्यावर गेली. मग आईंनी तोड काढली, पाळण्यावर मोठा पिवळा दिवा टांगायचा. त्यांच्या भावाच्या पोल्ट्रीत पिलांना असाच शेक देतात म्हणे.

एलईडीला असा शेक नसतो. म्हणून उन्मेष, माझा नवरा, सियालदहच्या घाऊक बाजारात दुकानं पालथी घालून दोनशे वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब घेऊन आला. बैठकीतली वेताची शेड काढून त्याने पाळण्यावर टांगली, तिची वायर लांब होती म्हणून. शेडच्या आत, होल्डरजवळ, नखाएवढं लेबल होतं. जास्तीत जास्त चाळीस वॅट. मी ते त्याला वाचून दाखवलं.

उन्मेष सरकारी वीज कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या सहीशिवाय उपकेंद्रं सुरू होत नाहीत. वायर पाच अँपिअरची आहे, दोनशे वॅटला एक अँपिअरसुद्धा लागत नाही, असली लेबलं कंपन्या स्वतःचा बचाव म्हणून लावतात, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"अगं, चार लाख व्होल्ट सांभाळतो तो," आई म्हणाल्या. "तुझी टोपली नाही का सांभाळायचा?"

मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आभाला ती ऊब आवडायची. मुठी सुटायच्या, पायाची बोटं पसरायची, आणि ती दिव्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहायची. आई तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी तिच्या छातीला लावायच्या. चौथ्या दिवशी मला काहीतरी करपल्यासारखा वास आला. ओव्याचा आहे, आई म्हणाल्या. ओव्याचाच आहे, बाहेरच्या खोलीतून उन्मेषने सांगितलं.

पाचव्या दिवशी, रविवारी, ओवा संपला होता. तवा कट्ट्यावर थंड पडलेला आणि वास तसाच.

मी वर हात नेला. शेडच्या आतला वेत काळपट झाला होता. बटण बंद केलं, आभाला उचललं आणि वेत करपलाय म्हणून उन्मेषला हाक मारली. तो पेपर हातात घेऊनच आला. तुझी झोप होत नाही ना, म्हणून तुला असं वाटतं, असं समजुतीच्या सुरात बोलला. लहान मुलाशी बोलावं तसं. होल्डर किती मजबूत आहे ते दाखवायला स्टुलावर चढला, फडक्याने होल्डर धरला आणि हलवला.

शेकून ठिसूळ झालेला प्लॅस्टिकचा होल्डर बिस्किटासारखा चुरला. बल्ब खाली पडला तो पाळण्यातल्या दुपट्यावर, आभाच्या डोक्याने जिथे खळगा पडला होता तिथेच. फुटला नाही. नुसता पडून राहिला, आणि त्याच्याखाली दुपट्यावर तपकिरी डाग पसरायला लागला. आईंनी पदराने उचलून तो फरशीवर टाकला तेव्हा फुटला.

उन्मेष वरूनच म्हणाला, "होल्डर हलका निघाला."

माझ्या खांद्यावर आभा होती म्हणून मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"होल्डर चाळीसचा होता, उन्मेष. चाळीसला चांगला होता. ऊब हवी म्हणून दिवा आणलास, आणि हिशेबात ऊबच धरली नाहीस. मी वाचून दाखवलं होतं. तू मलाच हिशेबात धरत नाहीस."

तो आईंकडे बघायला लागला. आई काचा गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? तू हो म्हणालास म्हणून मी पोरीला दिव्याखाली निजवत होते."

मग तो चिनी मातीचा होल्डर आणतो म्हणायला लागला. मी नको म्हटलं. पाळण्यावर आता काही टांगायचं नाही, उद्यापासून पुरचुंडी, तीही माझ्या गालाला लावून बघितल्यावर. आणि आत्ता, याच स्टुलावर चढून, घरातल्या प्रत्येक दिव्याचं लेबल मोठ्याने वाचायचं.

त्याने वाचली. देवघराजवळचा साठ. पलंगाशेजारचा पंचवीस, त्यात साठचा निघाला, काढायला लावला. मी आभाला थोपटत मागे मागे फिरत होते, आणि तिला उचकी लागली की तो वाचता वाचता थांबत होता. बाथरूममधल्या बंद काचेच्या गोळ्याचं लेबल पुसलेलं होतं.

"साठ असेल," तो म्हणाला.

त्याने अंगठ्याने ते लेबल घासलं, चष्मा वर करून पुन्हा बघितलं. आई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"मग पाचचा एलईडी लाव," मी म्हटलं.

त्याने लावला. उजेड कमी पडतोय, असं आईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो उतरताच त्यांनी स्टूल उचलून पुढच्या दिव्याखाली नेलं.