आठवड्याला किती?

"गेलेल्या पेशंटांची जुनी खूण तशीच उतरवा, बाई. त्यांची काय तक्रार येणार आहे?" दवाखान्याच्या रेकॉर्डखात्याचे साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले.

साहेबांच्या विनोदाला हसणं बाईंच्या कामातच मोडत होतं. आज त्यांनी ते काम केलं नाही. त्यांच्या हातात स्वतःच्या नवऱ्याची फाईल होती.

वरच्या विद्वानांनी फॅटी लिव्हरचं नव्यानं बारसं केलं होतं, आणि जुन्या फायलींवरच्या खुणा नव्या रकान्यांत उतरवायचं काम बाईंकडे आलं होतं. व्याख्या सोपी. यकृताच्या शंभरातल्या पाचांहून जास्त पेशींत चरबी दिसली, की रोग ठरला. मग कारण. पोट, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांतलं एखादं तरी बिघडलेलं आणि दारू नाही किंवा अगदी बेताची, तर पहिला रकाना. तेही बिघडलेलं आणि दारूही बेताच्या वर, तर दुसरा. दारू पार हाताबाहेर, तर तिसरा. पुढे औषधांसारखी इतर कारणं, आणि शेवटी 'कारण कळत नाही' हा प्रामाणिक रकाना, जो सहसा कोणी भरत नाही.

नवऱ्याच्या फायलीत साखर होती, रक्तदाब होता, पोटाचा घेरही मोजलेला होता. खूण मात्र दारूवर. 'आठवड्याला किती' ही जागा कोरी.

बाई तीन जिने चढून डॉक्टरांकडे गेल्या. सहा वर्षांपूर्वी खूण करणारे हेच. आता विभागप्रमुख होते.

"प्रमाण लिहिलेलं नाही, डॉक्टर."

त्यांनी पान चाळलं. "विचारायचं राहिलं असेल. व्यवसाय ट्रक ड्रायव्हर आहे ना."

"म्हणून?"

"म्हणजे... साधारण असतं तसं."

"ट्रक चालवायचे म्हणूनच घेत नव्हते! प्यायचे तो चहा, चार चमचे साखरेचा. तळाशी राहिलेली बोटानं चाटायचे."

"बाई, आता काय फरक पडतो?"

"माझ्या मुलानं तेव्हा हे पान वाचलं. शेवटचे अकरा दिवस तो दवाखान्याच्या पायरीवर बसला, बापापाशी आला नाही. मी त्याला समजावलं नाही. कागदावर आहे म्हणजे घेत असतील कुठं बाहेर, असं मलाही वाटलं. ह्यांच्या जन्माच्या सोबतीपेक्षा तुमची खूण मला खरी वाटली! आता विचारा."

"काय?"

"तेव्हा विचारायचं राहिलं ते."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दार बाईंनी आधीच लावलं होतं.

"आठवड्याला... किती घ्यायचे?"

"शून्य. लिहा."

त्यांनी पांढऱ्या शाईची बाटली उघडली.

"पुसायचं नाही. एक आडवी रेघ, बाजूला नवी खूण, सही आणि आजची तारीख. चुकलेलं दिसलं पाहिजे. रेकॉर्डचा नियम आहे."

डॉक्टरांनी कोऱ्या जागेत शून्य लिहिलं, दारूवरच्या खुणेवर रेघ मारली आणि बाजूला पहिल्या रकान्याची खूण केली. खाली सही आणि तारीख घातली.

दुपारी मुलगा तळघरातल्या रेकॉर्डखात्यात आला. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये. वाचायचं आहे."

त्यानं ते पान वाचलं. मग पहिल्या पानापासून सगळी फाईल उभ्यानंच वाचायला घेतली, नाडी, ताप, लघवीचं मोजमाप, सगळं.

टेबलापलीकडचं स्टूल रिकामं होतं. अकरा दिवस पायरीवर बसलेल्या मुलाला बाईंनी बस म्हटलं नाही.