माशांच्या पेटीतलं बेट

मित्रांनो, मी एक जुनी माशांची पेटी आहे. मिसिसागातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझ्यात आता एकही मासा नाही. निम्म्याहून वर वाळू आहे आणि वाळूत निळसर पाणी. येणारा-जाणारा डोकावतो आणि विचारतो, "हे काय भरून ठेवलंय?" उभ्या उभ्या विचारणाऱ्याला काय कपाळ सांगणार! तुम्ही मात्र निवांत बसला आहात, म्हणून सांगते.

कुठल्याशा कारखान्यात पाच काचा एकमेकींना चिकटवल्या आणि माझा जन्म झाला. माझे पहिले मालक घर बदलताना मला गराज सेलमध्ये, जुन्या सामानाच्या विक्रीत, मांडून बसले. तिथून डॉमनिकनी मला उचललं. डॉमनिक मूळचे वसईचे, बागायतदारांच्या घरातले. इथे येऊन एका गाड्यांच्या कारखान्यात लागले होते. त्यांची लेक लॉरा तेव्हा लहान होती आणि मासे पाळायचेत म्हणून हटून बसली होती. त्यांची बायको लुसी मला बघून म्हणाली, "मासे तव्यावर बरे. हॉलमध्ये कशाला?" पण आठवड्याभरात तीच माझ्या काचा पुसू लागली. माझ्यात सोनेरी मासे आले, हिरवं गवत आलं, दिवा लागला. पाहुणे आले की आधी माझ्याकडे वळायचे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी जरा चढलेच होते.

मग दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये अख्ख्या ऑन्टॅरिओ प्रांताची वीज गेली. माझा पंप थांबला, पाण्यातली हवा संपली आणि मासे एकामागून एक वर तरंगू लागले. लॉरा ढसाढसा रडली. पुन्हा मासे आणायचं कुणी नावच काढलं नाही. माझी रवानगी बेसमेंटमध्ये झाली आणि माझ्यावर विंटर टायर रचले गेले. हिवाळा आला की टायर गाडीला जायचे आणि त्यांच्या जागी उन्हाळ्याचे यायचे. माझ्या डोक्यावरचं ओझं काही हललं नाही.

दोन हजार अकराच्या एप्रिलमध्ये लॉरानंच ते टायर बाजूला केले. पोर आता पाण्याची इंजिनियर झाली होती. विमानतळाजवळच्या एका ऑफिसात तिची नोकरी होती आणि भर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरच्या देशाला प्यायचं पाणी कसं पुरवायचं, हे काम तिच्याकडे आलं होतं. तिनं मला धुतलं, माझ्यात वाळूचा उंचवटा केला आणि भोवती मिठाचं पाणी ओतलं, निळा रंग घालून. मी मनात म्हटलं, गेली माझी अब्रू! माशांचं घर होते, आता मला वाळूचं घमेलं केलं.

पण मग लॉरा झारीनं त्या वाळूवर पाऊस पाडू लागली. अगदी हळू, थोडं थोडं, दोन दिवस. ते गोडं पाणी वाळूत मुरलं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर अलगद तरंगत राहिलं, कालवणावर तेलाचा तवंग यावा तसं. वर स्वच्छ, खाली निळं. माझ्या काचेतून दोन्हींमधली रेघ स्पष्ट दिसत होती.

"डॅड, दॅट्स इट," लॉरा म्हणाली. "त्या बेटावर नदी नाही, डोंगर नाही. लोक जगतात ते एवढ्या तवंगावर. समुद्र वर चढतोय, पाऊस लहरी झालाय, आणि आमच्या बॉसला तिथे खोल बोअर मारून मोठी मोटर बसवायचीय. मोटरनं जोरात ओढलं की खालचं खारं वर येणार. मी म्हणते, उथळ चर खणा, हळूहळू घ्या, आणि प्रत्येक छपराला टाकी लावा."

"मग तसं सांग की त्यांना," डॉमनिक म्हणाले.

"सांगून पटत नाही ना! बेटाची पाणी कमिटीच मोटर मागतेय. लोक उन्हाळ्यात पाण्याच्या रांगेत उभे असतात, त्यांना नळ आज हवाय. कमिटी इथे आलीय, मंडेला मीटिंग आहे, तिथेच फायनल होणार. म्हणून हे मॉडेल. कुणीही हात लावू नका, प्लीज."

वाळूत तिनं एक नळी खोचली होती, तिच्या टोकाला हात धुवायच्या साबणाच्या बाटलीचा दाबायचा पंप. ती तिची विहीर. सोमवारी तो पंप हळू दाबून गोडं पाणी काढायचं, मग जोरात दाबून खारं वर चढताना दाखवायचं, असा तिचा बेत होता. एका बेटाचं भवितव्य माझ्या पोटात होतं, मित्रांनो. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

आणि रविवारी घोटाळा झाला. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर डॉमनिकना एक पोक्त बाई एकट्या उभ्या दिसल्या. विचारपूस केली तर त्या त्याच बेटाच्या पाणी कमिटीच्या प्रमुख, सेलाई! डॉमनिक त्यांना थेट घरी घेऊन आले. रविवारी परक्या मुलखातला माणूस हॉटेलात एकटा जेवणार म्हणजे काय!

लॉरानं कपाळावर हात मारला. "डॅड, शी इज द क्लायंट!"

"क्लायंटला भूक लागत नाही का?" डॉमनिक म्हणाले.

लॉरा वर लुसीला पानं मांडायला मदत करत होती, तेवढ्यात डॉमनिक सेलाईबाईंना कौतुकानं बेसमेंटमध्ये घेऊन आले. "हे बघा तुमचं बेट. माझ्या मुलीनं केलंय. वरचं पाणी अगदी गोड आहे." आणि पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, या सवयीनं त्यांनी पेला माझ्या विहिरीखाली धरला आणि पंप दाबला. स्वच्छ पाणी आलं. पेला निम्मा भरला. मी मनातल्या मनात ओरडत होते, बास, डॉमनिक, बास! पण वसईचा माणूस अर्धा पेला पाहुण्याच्या हाती देईल? छे! ते दाबत राहिले. माझ्या पोटात निळं पाणी टोक काढून वर उठलं, नळीपर्यंत चढलं, आणि पेल्यात निळी धार पडली.

"डॅड, स्टॉप!" लॉरा जिन्यावरून ओरडली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लॉरा खालच्या पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. "आता उद्या मी काय दाखवू? पुन्हा करायला वेळच नाही." लुसी वरून म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" डॉमनिकना ते ऐकूच गेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"आमच्या वाडीतल्या विहिरीचं हेच झालं," ते सेलाईबाईंना म्हणाले. "पूर्वी रहाटानं पाणी काढायचो, हळूहळू. पावसाचं पाणी मुरायला विहिरींजवळ बावखलं होती, मोठी तळीच म्हणा ना. मग बावखलं बुजवली, विहिरींवर मोटरी आल्या, टँकर भरू लागले. एका उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं. केळी उभ्या करपल्या. मी पाणी जाताना पाहिलं नव्हतं हो. आज पाहिलं."

सेलाईबाईंनी पेल्यातलं पाणी जिभेला लावलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"हे परत खाली कधी जाईल?" त्यांनी विचारलं.

लॉरानं डोळे पुसले, झारी घेतली आणि पाऊस पाडू लागली. एक झारी, दुसरी, तिसरी. वर जेवण गार झालं. निळं पाणी जिथे चढलं होतं तिथेच होतं.

सेलाईबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ही पेटी उपसून नव्याने करू नकोस, मुली. पाऊस पाडत राहा आणि उद्या अशीच घेऊन ये."

सोमवारी मला गोधड्यांत गुंडाळून व्हॅनमधून ऑफिसात नेलं. लॉराच्या बॉसनं पडद्यावर मोटरीची चित्रं दाखवली. ती छान होती, कमिटीचे दुसरे दोघे सदस्य माना डोलावत होते. मग सेलाईबाई उठल्या. त्यांनी माझ्या विहिरीतलं पाणी चमच्यात घेऊन दोघांना चाखायला दिलं. एकाचं तोंड वाकडं झालं.

"ही विहीर काल दुपारी बिघडली," त्या म्हणाल्या, "एका पेल्यासाठी. तेव्हापासून ही पोरगी हिच्यावर पाऊस पाडतेय. इतका पाऊस आता आपल्याकडे कुठे पडतो?"

बॉसनं पडद्यावरची चित्रं बंद केली आणि तो म्हणाला, "लॉरा, तुझा चराचा आराखडा काढ."

त्या दिवशी मोटर रद्द झाली. लॉरानं घरी येऊन डॉमनिकच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "यू आर इम्पॉसिबल, डॅड." मी पुन्हा फर्नेसशेजारी आले, पण टायर दुसऱ्या कोपऱ्यात गेले. पुढे बेटावर छपरांखाली टाक्या बसल्या, चर खणले गेले. तिथल्या शाळेत मुलांनी माझ्यासारखीच एक पेटीही केली आहे म्हणे. माझ्यात मासे असतानाही कुणी मला इतका मान दिला नव्हता.

डॉमनिक आता रिटायर झालेत. ते अधूनमधून खाली येतात, माझ्या वाळूवर एक झारी ओततात आणि काचेला डोळा लावून बसतात. खाऱ्या पाण्याची रेघ थोडी उतरलीय. थोडीच.

मित्रांनो, तुम्ही बेटावर राहत नसाल, पण तुमच्या पायाखालीही असंच पाणी आहे. माझं पोट काचेचं होतं, म्हणून डॉमनिकना ते जाताना दिसलं. जमिनीला काच नसते. तेव्हा पाणी ओढताना हात जरा हलका ठेवा, बाळांनो, आणि जेवढं काढाल तेवढं मुरायला जागा सोडा. उशिरा कळलेल्या माणसाला झारी घेऊन बसलेलं मी अजून बघते, आणि मला फार वाईट वाटतं.